मोठ्या मापाच्या बांगड्या

"मोठ्या मापाच्या दे, ताई. पुरुषाच्या मनगटात गेल्या पाहिजेत," अंकुश म्हणाला आणि दुकानाच्या पायरीवर एक पाय ठेवून उभा राहिला.

अंकुश म्हणजे भाऊसाहेब शेंडकरांचा पुतण्या. भाऊसाहेब आमच्या गटाचे पुढारी आणि मी, मथुरा कासार, त्यांच्या गटाची नगरसेविका, त्यामुळे त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. तरी मी विचारलं, कुणासाठी? तर म्हणे राऊत सरांसाठी. बायको नगराध्यक्षपदाची खुर्ची सोडत नाही आणि नवरा तिला चार शब्द सुनावत नाही, म्हणून आज डाक बंगल्यावर जिल्हाध्यक्षांच्या देखत सरांना बांगड्यांचा आहेर करायचा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी कासाराची बाई. बांगडी फुटली असंसुद्धा आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. हातात भरल्यावर बाई आधी बांगड्यांना नमस्कार करते आणि मग उठते. आणि ह्या राजकारणातल्या बाप्यांनी तिची शिवी करून टाकली. ह्याच्या टेबलावर बांगड्या टाक, त्याच्या गाडीवर फेक. मी अंकुशला तसं तोंडावर सांगितलं. तो हसला.

"ताई, खुर्ची तुझी अडलीय. आम्ही काय आमच्यासाठी करतोय?"

ते काही खोटं नव्हतं. मी निमूटपणे हिरव्या बांगड्यांचा खोका काढून दिला. सगळ्यात मोठं माप होतं ते.

तेव्हा लोक नगराध्यक्ष थेट निवडून देत नव्हते. आम्ही नगरसेवकच आपल्यातून एकाला बसवायचो, अडीच वर्षांसाठी. सतरा जणांत आमच्या पक्षाचे दहा. पण पक्ष एक म्हणायचा फक्त बॅनरवर. पाच जण भाऊसाहेबांचे आणि पाच रणधीर काटकरचे. भाऊसाहेब जुने, दूध संघातून वर आलेले. रणधीर तरणा, प्लॉटिंगवाला. वर्षाखाली एकाच्या माणसांनी दुसऱ्याची गाडी फोडली होती. खुर्ची त्या वेळी ओबीसी बाईसाठी राखीव निघाली आणि दोन्ही गटांकडे तशी एकेकच बाई होती. आमच्याकडे मी, त्यांच्याकडे कुमुद राऊत. महिनाभर भांडणं झाली, शेवटी सव्वा-सव्वा वर्षावर तोडगा निघाला. आधी राऊतबाई, मग मी. खंडोबाच्या देवळात दोन्ही गटांनी बेल-भंडारा उचलून शपथ घेतली.

सव्वा वर्ष सरलं, वर पंधरवडा गेला. बाई उठायचं नाव घेत नव्हत्या.

मी त्या बाईंना आधीपासूनच पाण्यात बघायचे. हायस्कुलात शिकवायच्या त्या, माझ्या मुलाला, महेंद्रलासुद्धा शिकवलं होतं. निवडणुकीत आमच्या कासार आळीत प्रचाराला आल्या तेव्हा पदर नाकाला लावून आल्या. बायका आरत्या घेऊन दारात उभ्या, आणि ह्या पदराआडून बोलतायत. आम्ही जिथे दोन वेळा जेवतो तिथे ह्यांना घटकाभर श्वास घेववत नव्हता. मी ते विसरले नाही.

वास येत होता, नाही म्हणत नाही. आळीच्या मागे ओढा आणि ओढ्यापलीकडे गावाचा कचरा डेपो. अख्ख्या गावाची घाण तिथे यायची, आणि ढीग फार वाढला की पालिकेचीच माणसं त्याला काडी लावायची. धूर सरळ आमच्या घरात. सकाळी बांगड्यांवर बोट फिरवलं की बोट काळं. त्याचं मला काही नव्हतं, पुसल्या की झालं. पण माझी नात गौरी तीन वर्षांची होती आणि तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. खेळता खेळता मध्येच खाली बसायची, ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, धूर बंद करा नाहीतर पोरीला इथून हलवा. महेंद्र म्हणाला, आई, दिवाळीपर्यंत थांबतो, मग चाकणला खोली बघतो. नवरा गेल्यावर माझ्या घरात माणसं तीच तिघं, महेंद्र, सून आणि गौरी. ती गेली की मागे मी आणि बांगड्या.

म्हणून मला खुर्ची पाहिजे होती. मोठेपणा मिरवायला नव्हे. म्हणजे तोही थोडा होताच, कासाराच्या बाईला कोण अध्यक्ष म्हणतं? पण खुर्चीत बसल्याबरोबर पहिला ठराव डेपो हलवायचा, एवढं एकच माझ्या मनात होतं. भाऊसाहेबांनीही तोच शब्द दिला होता. आणि दिवाळी जवळ येत चालली होती, आणि ती बाई खुर्चीला चिकटून बसली होती.

दुपारी आम्ही डाक बंगल्यावर जमलो. जिल्हाध्यक्ष थिटेसाहेब मधल्या वेताच्या खुर्चीत. जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर आलेल्या, त्यामुळे त्यांना आमच्या गावातलं हे लचांड लवकरात लवकर मिटवून हवं होतं. एका बाजूला राऊतबाई आणि त्यांचे सर. चित्रकलेचे मास्तर ते, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसऱ्या बाजूला आम्ही. टेबलावर अंकुशने देवळातून आणलेली थाळी, तिच्यात बेलाची पानं आणि भंडारा.

मला नवल वाटलं ते रणधीरचं. बाई त्याच्या गटाची, तो पालिकेचा उपाध्यक्ष, म्हणजे त्याने तिची बाजू घ्यायची. पण तो आमच्या बाजूला येऊन बसला होता, भाऊसाहेबांच्या खुर्चीला खुर्ची लावून. एकमेकांना चहाचे कप पुढे करत होते. मला वाटलं, चला, देव पावला.

रणधीरनेच तोंड फोडलं. शपथ म्हणजे शपथ, देवाच्या दारात घेतली आहे, आमच्या गटाची अब्रू जाते, बाईंनी राजीनामा आज आणि आत्ता द्यावा. भाऊसाहेबांनी मान डोलावली. थिटेसाहेबांनी बाईंकडे पाहिलं.

"परवा देते," बाई म्हणाल्या. "उद्याची सर्वसाधारण सभा होऊ द्या."

उद्याच्या सभेत असं काय आहे, साहेबांनी विचारलं. बाईंनी पदर सारखा केला. विषय आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. दिव्याचे खांब, गटारींचा गाळ, बागेच्या रखवालदाराचा पगार, आणि सगळ्यात शेवटी नेहमीचं ते, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. ह्यात थांबण्यासारखं काय होतं? मी ते बोलले. म्हणाले, बाईंना आणखी एक दिवस हार घालून घ्यायचे असतील. खुर्चीची ऊब सुटत नसेल. शाळेत पोरांना वेळेवर घरी सोडायच्या, स्वतःची घंटा झाली तरी उठत नाहीत. अंकुश फिस्सकन हसला. मला चेव आला. आमच्या आळीत पदर नाकाला लावून आलात ते मी विसरले नाही, हेही बोलून घेतलं. तुम्हाला काय कळणार धूर म्हणजे काय, म्हणाले. बाई मिठाची गुळणी धरल्यासारख्या बसून राहिल्या, आणि त्याने मी आणखीनच पेटले.

मग अंकुश उठला आणि त्याने तो खोका राऊत सरांच्या पुढ्यात ठेवला. झाकण काढून. काय म्हणायचं ते म्हणाला, आहेर स्वीकारा वगैरे. सरांचा चेहरा गोरामोरा झाला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला खाली बघावंसं वाटलं. बाईंनी हात लांब करून खोका आपल्याकडे ओढला, एक बांगडी उचलून खिडकीकडे धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुझ्या दुकानातल्या?"

"हो," मी म्हणाले.

"रंग छान आहे," बाई म्हणाल्या. झाकण लावलं आणि खोका मांडीवर घेऊन बसल्या.

थिटेसाहेब वैतागले. म्हणाले, हा तमाशा पुरे. बाई आज राजीनामा देणार नसतील तर पक्ष आपला बघून घेईल, दहातले नऊ एका बाजूला असल्यावर बाई किती दिवस बसतात ते पाहू. आधी मथुराताईंची शपथ होऊ द्या. ती झाली की रणधीरचे लोक त्यांना बांधील, आणि मग बाईंच्या मागे कुणी उरत नाही. एवढं ऐकून मला उभ्या उभ्या हसू फुटत होतं. सव्वा वर्ष थांबले होते मी ह्या क्षणासाठी. मी पदर खोचला, पुढे झाले आणि थाळीतून बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा उजव्या हातात उचलला.

"थांबा," रणधीर म्हणाला. "नुसता हात उचलून नाही चालायचं. मागच्या वेळी तसंच झालं, त्याचं काय झालं बघताय. काय काय ठरलंय ते तोंडातून आलं पाहिजे. साहेबांच्या समोर."

भाऊसाहेबांनी त्याच्याकडे जरा रागाने पाहिलं, हे माझ्या लक्षात आलं. हे बोलणं इथे निघायला नको होतं असं काहीतरी. पण रणधीर ऐकेना. त्याचा भाऊसाहेबांवर काडीचा विश्वास नव्हता, आणि भाऊसाहेबांचा त्याच्यावर. दिवसभर कपाला कप लावून बसले तरी ते काही बदललं नव्हतं. शेवटी भाऊसाहेब माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मी सांगतो तसं म्हण. मी, मथुरा कासार, सव्वा वर्ष पक्षाच्या शिस्तीत काम करीन."

मी म्हणाले.

"दोन्ही गटनेत्यांना विचारल्याशिवाय ऐनवेळचा एकही विषय सभेत घेणार नाही."

मी तेही म्हणाले.

"आणि तुकाईच्या माळावरच्या गायरानाला हात लावणार नाही."

माझं तोंड उघडं राहिलं. गायरान? मी भाऊसाहेबांकडे पाहिलं, त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, म्हण म्हण. तुकाईच्या माळाला लागून रणधीरचे प्लॉट पडले होते, ते सगळ्या गावाला माहीत होतं. पण माझ्या शपथेत ते गायरान कशाला?

"गायरानाचं मध्येच काय?" मी विचारलं. "त्याचा आणि माझा काय संबंध?"

रणधीर छताकडे बघायला लागला. थिटेसाहेबांनी भाऊसाहेबांना विचारलं की ह्यांना सांगितलं नाही का तुम्ही. भाऊसाहेब म्हणाले, सांगणार होतो, सावकाश. मग साहेबच मला समजवायला लागले, लहान पोराला समजवतात तसं. म्हणाले, कलेक्टर ऑफिसने तुमच्या नगरपालिकेला नव्या कचरा डेपोसाठी ते गायरान मंजूर केलंय, चारच दिवसांपूर्वी. पालिकेचा ठराव झाला की जागा ताब्यात. आता तिथे डेपो गेला तर रणधीररावांच्या प्लॉटना गिऱ्हाईक मिळायचं नाही, ते नाराज झाले की पाच नगरसेवक नाराज, आणि जिल्हा परिषदेला पक्षाची वाट लागते. म्हणून रणधीरराव तुम्हाला खुर्चीला पाठिंबा देतात, आणि तुम्ही डेपोचा विषय मागे ठेवता. भाऊसाहेबांनी हे मान्य केलंय.

हातातला भंडारा मला एकदम गरम लागला. मी भाऊसाहेबांना विचारलं, हे खरं का? ते म्हणाले, "मथुरे, आधी खुर्ची, मग डेपो. खुर्चीच नसेल तर डेपो कोण हलवणार?"

"आणि खुर्ची घेताना डेपो हलवणार नाही म्हणून देवाची शपथ घ्यायची?"

"शब्द आहेत गं नुसते. पुढचं पुढे बघू."

"डेपो वीस वर्षं तिथेच आहे," थिटेसाहेब म्हणाले. "आणखी सव्वा वर्षाने काय आभाळ कोसळतंय, ताई? सगळ्यांनीच काहीतरी सोडायचं असतं."

मी म्हणाले, माझी नात तीन वर्षांची आहे. सगळ्यांनीच सोडायचं म्हणे. रणधीरने काय सोडलं होतं? भाऊसाहेबांनी काय सोडलं? माझा डेपो तेवढा सोडून आले होते दोघं, माझ्या पाठीमागे, चहा पिता पिता.

आणि मग डोक्यात ते दुसरं आलं. चार दिवसांपूर्वी मंजुरी. उद्या सभा. ऐनवेळचे विषय. आणि बाई म्हणतायत परवा. मी वळून राऊतबाईंकडे पाहिलं. त्या खोक्याच्या झाकणावर बोटं ठेवून बसल्या होत्या.

ऐनवेळचा विषय अध्यक्षाच्या परवानगीशिवाय येत नाही. बाईंनी आज राजीनामा दिला तर उद्या सभेला अध्यक्षाच्या जागी उपाध्यक्ष बसणार, म्हणजे रणधीर. तो कशाला परवानगी देतोय? म्हणून ह्याला शपथेची एवढी चाड. म्हणून आज आणि आत्ता.

"बाई," मी म्हणाले, "उद्या ऐनवेळी तो विषय तुम्ही आणणार होतात?"

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं तर संध्याकाळी भाऊसाहेबांना कळलं असतं. भाऊसाहेबांना कळलं की रणधीरला. ऑफिसातून त्याला कळलंच शेवटी, ते वेगळं." बाईंचा आवाज अजिबात चढला नव्हता, वर्गात फळ्यावर लिहून दाखवावं तशा बोलत होत्या. "विरोधकांची सात मतं मिळाली असती. डेपो हलायला नको असं कुठला विरोधक चारचौघांत म्हणेल? आठवं माझं."

"नववं?"

"तुझं. विषय आला असता तर तू हात वर केलाच असतास. मला तुला विचारायची काय गरज होती?"

इतका वेळ मी ह्या बाईंना काय काय बोलले होते, आणि त्या माझ्या हातावर हिशेब धरून बसल्या होत्या. लाज वाटली आणि रागही आला. हे असलं वागणं मला आजही पटत नाही. माणसाला निदान विश्वासात घ्यावं. पण ते भांडण मी नंतरसाठी ठेवलं.

थिटेसाहेब आता साहेबासारखे बोलायला लागले. पक्षाच्या विरोधात सभेत हात वर करणारा सहा वर्षांसाठी पक्षाबाहेर, मग तो कुणीही असो. रणधीर म्हणाला की बाईंनी माझ्याच जोरावर खुर्ची घेतली आणि माझ्याच मुळावर आल्या. बाई त्याला म्हणाल्या, तुझ्या जोरावर नाही, ह्या थाळीच्या जोरावर. भाऊसाहेबांनी माझा दंड धरून मला खिडकीपाशी नेलं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"राणी करतोय तुला. एक डेपो कशाला धरून बसतेस? विसरू नकोस, माणसात आणली तुला मी."

"माणसात मी आधीपासूनच होते, भाऊसाहेब. खुर्चीत आणणार होतात तुम्ही."

"मग ती तुला दिसणार नाही. ह्या जन्मात नाही."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, खूप वाईट वाटलं. घरी मी ती खुर्ची मनातल्या मनात पुसून ठेवली होती. तिच्यावर बसताना कुठलं लुगडं नेसायचं तेही ठरवलं होतं. सुनेने त्याला इस्त्री करून ठेवली होती.

भंडारा अजून माझ्या मुठीत होता. उचललेला भंडारा परत थाळीत टाकत नाहीत. मी टेबलापाशी आले, तो कपाळाला लावला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ही घ्या माझी शपथ. उद्या ऐनवेळचा विषय आला की पहिला हात माझा. बाई, तुमचा राजीनामा परवाच द्या."

अंकुश मला काहीतरी घाण बोलला. ते इथे सांगण्यासारखं नाही. राऊत सर, ज्यांना बांगड्या द्यायला निघाले होते ते, उठून माझ्या आणि त्याच्या मध्ये येऊन उभे राहिले. मग सर, बाई आणि मी, आम्ही तिघं बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी सभेत बाई आल्या त्या हातभर हिरव्या बांगड्या घालून. तोच खोका. माप पुरुषाचं, त्यामुळे हात खाली केला की बांगड्या बोटांपर्यंत घसरायच्या आणि वर केला की खळाळत कोपराकडे जायच्या. त्यांनी पाण्याचा पेला उचलला तरी सगळं सभागृह वळून बघत होतं. अंकुश प्रेक्षकांत बसला होता. त्याला दुसरीकडे बघायला जागाच उरली नाही.

खांब झाले, गटारी झाल्या, रखवालदार झाला. मग बाईंनी ऐनवेळच्या विषयाला परवानगी दिली आणि स्वतःच वाचून दाखवला. रणधीर उभा राहून ओरडायला लागला. भाऊसाहेबांची माणसं आणि रणधीरची माणसं पहिल्यांदा एका सुरात घोषणा देत होती, आणि घोषणा देत देत एकत्रच बाहेर पडली. मी जागची हलले नाही. पाठीमागून कुणीतरी माझ्या खुर्चीला लाथ मारून गेलं. मी हात वर केला. मग विरोधकांचे सगळे, एकमेकांकडे बघत. मग बाईंनी केला आणि बांगड्या वाजल्या.

सभा संपल्यावर दारात बाईंनी मला गाठलं. त्यांच्या हातावर ओरखडे उठले होते.

"ढिल्या आहेत," त्या म्हणाल्या.

"तुमच्या नव्हत्याच त्या. दुकानात या, मापाच्या भरते."

"डेपो हलू दे आधी. तुझ्या आळीत नाक दाबून कोण येईल?"

असं बोलल्या. आदल्या दिवशी बोलल्या असत्या तर मी तिथेच झिंज्या धरल्या असत्या. त्या दिवशी मी म्हणाले, बरं, हलल्यावर या.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे त्याच्या दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. आम्हा दोघींना पक्षाने सहा वर्षांसाठी बाहेर काढलं. खुर्ची पुन्हा ओबीसी बाईचीच होती, आणि आमच्या पक्षात आता तशी कुणी उरली नव्हती. तेव्हा भाऊसाहेब आणि रणधीर, ज्यांना सव्वा वर्ष एका टेबलावर बसवत नव्हतं, त्या दोघांनी मिळून विरोधी पक्षातली एक बाई नगराध्यक्ष केली, म्हणजे मी व्हायला नको. गुलाल दोघांच्या अंगावर होता. मी दुकानाच्या पायरीवरून ती मिरवणूक बघितली. भाऊसाहेबांनी उघड्या जीपमधून माझ्याकडे बघून हात जोडले. मी आत जाऊन शटर अर्धं ओढलं आणि मुसमुसून रडले. त्यानंतर मी कधी निवडणुकीला उभी राहिले नाही.

ठराव मात्र त्यांना फिरवता आला नाही. नवी बाई ज्या पक्षाची, त्याच पक्षाने हात वर केले होते, आता मागे कशी घेणार? कोर्टात खेटे घातले रणधीरने, तेही जमलं नाही. दिवाळीला महेंद्रने खोली बघायला चाकणला जायचं तिकीट काढलं होतं. मी त्याला म्हणाले, थोडं थांब. तो कुरकुरत थांबला. होळीच्या आसपास शेवटचा ट्रक ओढ्यावरून गेला.

त्यानंतर दोन-चार दिवसांत एका सकाळी गौरी पायरीवर बसून वाढलेल्या बांगड्यांच्या काचा रंगाप्रमाणे वेगळ्या करत होती आणि मी झाडत होते. राऊतबाई आळीच्या तोंडाशी रिक्षातून उतरल्या आणि चालत दुकानापर्यंत आल्या. मी त्यांच्या पदराकडे बघत होते. पदर खांद्यावर होता.

गौरीने सरकून जागा दिली. बाई बसल्या, तिला नाव विचारलं, आणि माझ्यापुढे हात केला.

"भर," म्हणाल्या. "आणि ह्या वेळी माप बघून."